दांडिया बाजारातले दोन हेडसेट आणि साडेसहा मिनिटं

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात पहिल्या मजल्यावरच्या एका गाळ्यात छोटं गेम पार्लर आहे. गाळा 24 बाय 15 फुटांचा. चार टीव्ही, चार कन्सोल, कोपऱ्यात स्टिअरिंग-पेडलची एक सीट. चालवणारा मराठी तरुण, हाताखाली एक मुलगा. गणपतीच्या आधी इथे दोन व्हीआर हेडसेट आले, मेटा क्वेस्ट 3एस. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी: डबा डोळ्यांवर चढवला की चहूकडे खेळातलंच जग दिसतं. बाहेरून मागवलेले, जास्तीचे फोम, सिलिकॉनची कव्हरं आणि पट्टे धरून खर्च ऐंशी हजारांच्या आसपास. दर ठरला दहा मिनिटांना शंभर रुपये. तासाला सहा पाळ्या, दोन्ही हेडसेट मिळून बारा, म्हणजे तासाला 1,200 रुपये, असा कागदावरचा हिशोब.

पहिल्याच शनिवारी रांग जिन्यापर्यंत गेली. गल्ल्यात मात्र तासाला सव्वासातशेच्या वर रक्कम पडेना. गिऱ्हाईक भरपूर होतं, मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं, कोणी पैसे बुडवले नव्हते. हा पावणेपाचशेचा फरक कुठे गेला ते शोधताना जे हाती लागलं, त्यात व्हीआर अजून घरोघरी का पोचला नाही याचं बरंचसं उत्तर आहे.

वेळ कुठे जात होता

मोबाइलवर घड्याळ लावून पाहिलं. आधीच्या माणसानं हेडसेट काढल्यापासून पुढच्याचा खेळ खरोखर सुरू होईपर्यंत सरासरी साडेसहा मिनिटं जात होती. पुसायला एक. डोक्यावर चढवून पट्टा नीट बसवायला दीड. चित्र स्वच्छ दिसेपर्यंत एक. हातातल्या कंट्रोलरची बटणं समजावायला दोन. उरलेलं एक मिनिट चुकून उघडलेला मेनू बंद करण्यात किंवा बिघडलेली बाउंडरी, म्हणजे खेळायच्या जागेची हद्द, पुन्हा आखण्यात.

दहा मिनिटांची पाळी अशी साडेसोळा मिनिटांची झाली. एका हेडसेटवर तासाला 3.6 पाळ्या, दोन्हींवर मिळून सव्वासात. यात दुसरा खर्च लपलेला होता, तो हाताखालच्या मुलाचा. सव्वासात पाळ्या गुणिले साडेसहा मिनिटं, म्हणजे तासातली 47 मिनिटं तो या दोन डब्यांनाच बांधलेला. चार कन्सोलकडे तासाभरात त्याला दहा मिनिटंही द्यावी लागत नाहीत. कंट्रोलर हातात दिला, गेम लावून दिला, की मुलं आपापसात शिकवतात. दोन भाऊ सोफ्यावर शेजारी बसले की धाकटा मोठ्याचा अंगठा बघून बटण ओळखतो. हेडसेटमध्ये ही सोय नाही. आतल्याला बाहेरचं बोट दिसत नाही आणि बाहेरच्याला आतलं चित्र दिसत नाही. "ट्रिगर दाब" म्हटलं की माणूस हाताला लागेल ते दाबतो, त्यात मेनूचं बटण लागतं, खेळ अडतो आणि त्याला वाटतं मशीन बिघडलं.

सगळ्यात उपयोगी दुरुस्ती इथेच झाली, तीही जवळपास फुकट. एक जुना, बॅटरी काढलेला कंट्रोलर रांगेतल्या बाकाला दोरीनं बांधून ठेवला. कोणतं बोट कुठे ठेवायचं हे आपला नंबर लागायच्या आतच, डोळे उघडे असताना शिकायचं. ट्रिगर तर्जनीखाली, पकडायचं बटण मधल्या बोटाखाली, आणि मेनूच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका: याला हात लावायचा नाही. सोबत आतलं चित्र टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली, म्हणजे कास्टिंग. त्यासाठी राउटर त्याच खोलीत आणि 5 गिगाहर्ट्झवर हवा. दांडिया बाजारासारख्या दाट वस्तीत 2.4 गिगाहर्ट्झवर आजूबाजूच्या डझनभर वायफायची गर्दी असते, चित्र अडकत राहतं आणि बघणारे कंटाळतात. मोबाइलवरच्या ॲपपेक्षा लॅपटॉपच्या ब्राउझरवर कास्ट करून एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडणं जास्त भरवशाचं ठरलं. बटणं समजावायचा वेळ दोन मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर आला. रांगेतल्या लोकांना आत काय चाललंय ते कळायला लागलं, हा तर वेगळाच फायदा. एरवी त्यांना दिसतो फक्त हवेत हात मारणारा एक माणूस.

डोक्यावर बसवणं

हे काम दिसतं तितकं सोपं नाही, आणि चुकतं ते नेहमी एकाच प्रकारे. मुलगा हेडसेट समोरून चेहऱ्यावर दाबतो आणि पट्टा खेचतो. वजन 514 ग्रॅम; ते सगळं गालांवर येतं, दोन मिनिटांत डबा खाली घसरतो, चित्र धुरकट होतं, मग पट्टा आणखी आवळला जातो आणि कपाळ दुखायला लागतं. बरोबर रीत अशी: आधी पट्टा सैल सोडायचा, मागचा भाग डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली अडकवायचा, वरचा पट्टा इतका घ्यायचा की भार टाळूवर येईल, आणि बाजूचे पट्टे शेवटी, जेमतेम. पट्टा नीट बसला की डबा गालांना फक्त टेकलेला असतो.

भिंगं या मॉडेलमध्ये फ्रेनेल पद्धतीची आहेत, म्हणजे वर्तुळाकार बारीक खाचांची. त्यातून अगदी स्वच्छ दिसण्याची जागा लहान असते. डोळा दोन-तीन मिलिमीटर खाली-वर झाला की अक्षरं फाटतात. भिंगांमधलं अंतर बदलायच्या तीन खुणा आहेत, 58, 63 आणि 68 मिलिमीटर. मोठ्यांपैकी बहुतेकांना मधली चालते. लहान चणीच्यांना पहिली, रुंद चेहऱ्याला तिसरी.

चष्मेवाल्यांसाठी हेडसेटच्या खोक्यात एक स्पेसर येतो, फोम आणि भिंगामध्ये थोडी जागा करणारा. तो पार्लरमध्ये कायमचाच बसवून टाकला. काढ-घाल करण्यात वेळ जातो, आणि तो नसताना चष्म्याची काच भिंगावर घासली तर ओरखडा कायमचा. फ्रेम साधारण 14 सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर चष्मा आत मावत नाही, तेव्हा आधीच सांगून टाकलेलं बरं.

नवरात्रीच्या आधल्या आठवड्यातली एक पाळी जशीच्या तशी सांगण्यासारखी आहे. रावपुऱ्यात राहणाऱ्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. नऊवारी नाही, साधी गोल साडी, मोठा अंबाडा, जाड चष्मा, कपाळावर टिकली. मुलानं त्यांना खुर्चीत बसवलं, टिकली कागदावर लावून ठेवली (फोमला चिकटली की पुढच्याच्या कपाळावर जाते), हेडसेट चष्म्यावरून पुढून टेकवला आणि पट्टा अंबाड्याच्या वरून न घेता खालून घेतला.

"काही दिसत नाही रे बाळा, सगळं धुरकट आहे."

"आजी, दोन्ही हातांनी डबा धरा. आता गालावरून अगदी हळू वर सरकवा. समोर पाटी आहे ना, तिच्यावरची अक्षरं स्वच्छ झाली की थांबा म्हणा."

"थांब. थांब, आलं."

एवढंच, पण यात मोठी गोष्ट झाली. तोपर्यंत मुलगा बाहेरून अंदाजानं डबा हलवत होता आणि "आता दिसतंय का, आता?" विचारत होता. डोळा ज्याचा, हातही त्याचाच ठेवला तर मिनिटाचं काम पंधरा-वीस सेकंदांत होतं. तेव्हापासून सगळ्यांना तसंच सांगितलं जातं. आजी सहा मिनिटं समुद्राखाली बसून होत्या, कासव जवळून गेलं तेव्हा त्यांनी पदर आवरून घेतला. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "घरी आणला तर हे मला रोज घालून कोण देणार?"

पुसणं आणि घाम

भिंगाला फक्त कोरडं मायक्रोफायबर कापड. स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे यातलं काहीही नाही; भिंगं प्लॅस्टिकची असतात आणि त्यांच्यावरचा लेप जातो. फोम आणि पट्ट्याला अल्कोहोल नसलेले वाइप. फोमवर सिलिकॉनचं कव्हर हवंच, कारण खोबरेल तेल आणि गरब्याचा मेकअप फोमनं एकदा शोषला की धुऊनही निघत नाही. प्रत्येक हेडसेटला दोन कव्हरं ठेवली. एक चेहऱ्यावर, एक पुसून वाळत. यात पुसायचा वेळ अर्धा झाला. 2023 च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ गुजरातभर होती. तशा दिवसांत लाल डोळ्यांच्या माणसाला पाळी द्यायची नाही, ओळखीचा असला तरी.

उन्हातून आलेल्या माणसाच्या चेहऱ्याची वाफ एसीत थंड झालेल्या भिंगावर जमते. हेडसेट पाच मिनिटं आधी चालू करून ठेवला की तो स्वतःच कोमट होतो आणि वाफ धरत नाही. एक सवय मात्र कडक हवी: हेडसेट ठेवताना भिंगं कधीही खिडकीकडे नाहीत. भिंगातून ऊन आतल्या पडद्यावर एकवटतं आणि काही क्षणांत जळका डाग पडतो. त्यावर इलाज नाही, पडदाच बदलावा लागतो.

खोली

हेडसेट आपली जागा कॅमेऱ्यांनी ओळखतो. भिंतीवरचे कोपरे, चित्रं, सामान यांच्या खुणा धरून तो आपण कुठे आहोत ते काढतो. कंट्रोलर ओळखतो त्यांच्यावरच्या इन्फ्रारेड दिव्यांच्या ठिपक्यांवरून, जे डोळ्याला दिसत नाहीत. हे कळलं की निम्म्या तक्रारी आपोआप उलगडतात. या गाळ्यात आधी ब्लाउज शिवायचं दुकान होतं, त्यामुळे एका भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा. त्याच्यासमोर हेडसेट हरवायचा, जमीन तिरपी व्हायची. आरशावर जाड पडदा टाकला. उलट समोरची भिंत कोरी पांढरी होती, तिथे धरायला काहीच नाही. तिच्यावर चार मोठी पोस्टर लावली. नवरात्रीत समोरच्या इमारतीवर एलईडीची तोरणं लागली आणि संध्याकाळी सातनंतर हातातली तलवार आपोआप उडायला लागली. कॅमेऱ्याला तोरणाचे ठिपके कंट्रोलरच्या ठिपक्यांसारखे वाटत होते. खिडकीचा पडदा ओढल्यावर थांबलं. ट्यूबलाइटमुळे चित्र थरथरत असेल तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ करावी, आपल्याकडची वीज तेवढ्याची आहे.

जागा माणशी दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट चौरस. पण धोका खाली नव्हता, वर होता. हेडसेटची बाउंडरी चारी बाजूंना भिंतीसारखी उभी राहते. तिला छप्पर नसतं. गाळ्याची उंची नऊ फूट, पंखा आठ फुटांवर. पावणेसहा फुटांचा माणूस हात वर करून कंट्रोलर फिरवतो तेव्हा टोक साडेसात फुटांच्या पुढे जातं, आणि उडी मारली तर विचारायलाच नको. छताचे पंखे काढून भिंतीवरचे लावले. त्याचा एक नवा उपयोग निघाला. वारा एकाच बाजूनं येत राहिला की आतल्या माणसाला आपलं तोंड कुठे आहे ते कळत राहतं, आणि घेरी कमी येते. मनगटाची दोरी मात्र प्रत्येकाला, अपवाद नाही.

25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनच्या आगीत 27 जणांचा जीव गेला, त्यानंतर राज्यभरची गेम झोन बंद करून तपासली गेली. या गाळ्यात लाकडी पार्टिशन ठेवलेलं नाही, जिन्याकडचा दरवाजा सामानानं अडत नाही, आणि हेडसेट रात्री कुलूपबंद गाळ्यात चार्जिंगला लावले जात नाहीत. डोळ्यांवर डबा असलेल्या माणसाला धूर दिसत नाही, आरडाओरडा उशिरा ऐकू येतो. त्याला बाहेर काढायचं काम ठरलेल्या एका माणसाचंच हवं.

घेरी

सुरुवातीला गिऱ्हाईक ओढायला रोलर कोस्टर लावला होता. पोरांना तो फार आवडायचा. त्यांच्याबरोबर आलेले आई-बाप दोन मिनिटांत पांढरेफटक पडायचे. समोरून सेव-उसळ खाऊन आलेल्यांची तर फारच वाईट अवस्था. कारण साधं आहे: डोळे सांगतात आपण वेगानं खाली चाललोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण उभे आहोत. हा झगडा सवयीनं कमी होतो, पण पहिल्याच दिवशी धीर धरून बसलं तर वाढतो.

रोलर कोस्टर काढून टाकणं हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. पहिल्या वेळी माणसाचे पाय जिथे तिथेच खेळ हवा: येणारे ठोकळे कापणं, नेम मारणं, बसून बघणं. आपण चाललो तेवढंच चित्र हललं की घेरी जवळजवळ येत नाही. कंट्रोलरवरच्या स्टिकनं चालण्याचे खेळ चौथ्या-पाचव्या खेपेला, तेही कडा काळ्या करणारी आणि तुकड्या-तुकड्यांनी वळणारी सेटिंग लावून. कपाळाला घाम, तोंडाला पाणी सुटणं, जांभया ही पहिली लक्षणं. त्याच क्षणी हेडसेट काढायचा, खुर्चीत बसवायचं, खिडकीतून लांबचं काहीतरी बघायला सांगायचं. "थोडं थांबा, जाईल" असं कधीच म्हणायचं नाही.

पहिल्या घासाला खडा लागला की माणूस ताट बाजूला सारतो. 2014 मध्ये गुगल कार्डबोर्ड आलं आणि पाठोपाठ जत्रेत, मॉलमध्ये मोबाइल खुपसायचे डबे आले. त्यांना फक्त मान वळलेली कळायची. पुढे वाकलं, एक पाऊल सरकलं, तर चित्र तसंच चिकटून राहायचं आणि पोटात ढवळायचं. "ते चक्कर येणारं ना?" हे वाक्य पार्लरमध्ये रोज ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तेवढाच डबा घातलेला असतो.

घरी नेला तर

आता मोठ्या चित्राकडे. 2012 मध्ये ऑक्युलस कंपनीनं रिफ्ट या हेडसेटसाठी लोकवर्गणीतून 24 लाख डॉलर जमवले, 2014 मध्ये फेसबुकनं (आजची मेटा) ती कंपनी 200 कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. 2016 ला रिफ्ट 599 डॉलरना आला, वर ताकदीचा पीसी वेगळा. 2020 चा क्वेस्ट 2 तार नसलेला, पीसी न लागणारा, 299 डॉलरचा. चार वर्षांत किंमत निम्म्यावर आली, केबल गेली, खोलीत वेगळे सेन्सर मांडणं गेलं. किंमत हाच अडथळा असता तर त्यानंतर बांध फुटायला हवा होता. क्वेस्ट 2 खपलाही चांगला, पण कन्सोलची जागा त्यानं घेतली नाही. दुसरीकडे ॲपलचा 3,499 डॉलरचा व्हिजन प्रो 2024 मध्ये आला, पडदा अप्रतिम. तोही घरोघरी गेला नाही. 2019 अखेर सोनीचे 50 लाख पीएसव्हीआर हेडसेट विकले गेले होते, तेव्हा ते ज्याला जोडायचे तो पीएस4 कन्सोल दहा कोटींच्या पुढे होता. कन्सोल आधीच घरात, टीव्ही समोर, तरी वीस घरांत एक. मेटाच्या व्हीआर सांभाळणाऱ्या विभागाचा 2024 चा तोटा 1,770 कोटी डॉलर. पैसा कमी पडला असं कोणी म्हणू शकणार नाही.

कमी पडतो तो पार्लरमधला मुलगा. घरी ती साडेसहा मिनिटं खेळणाऱ्यालाच मोजावी लागतात, आणि त्यांच्या आधीची आणखी काही. बॅटरी पूर्ण भरली तर सरासरी अडीच तास, पण कपाटात पडून ती उतरलेली असते. तीन आठवड्यांनी काढला की आधी अपडेट. कंट्रोलरचे पेन्सिल सेल गेलेले. दिवाणखान्यातलं टीपॉय सरकवायचं, चटई गुंडाळायची, लहान पोराला आत पाठवायचं. मग एकटा खेळणार, बाकीचे भिंतीला टेकून बघणार. टीव्ही लावायला एक बटण आणि मोबाइल तर हातातच असतो. दिवसभराच्या कामानंतर माणूस साडेसहा मिनिटांचं काम असलेली करमणूक निवडत नाही, तिच्यात कितीही मजा असली तरी.

पार्लरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी कारेलीबागच्या एका घरानं हेडसेट विकत घेतला. महिनाभर रोज, मग रविवारी, मग पाहुणे आले की. पुढे तोच मुलगा मित्रांना घेऊन पुन्हा पार्लरमध्ये यायला लागला. घरी मित्र येतात तेव्हा एकच हेडसेट, आणि घालून देण्यात सगळा वेळ त्याचाच जातो, असं त्याचं कारण होतं.

म्हणून निदान आजच्या डब्याबद्दल मत स्पष्ट आहे. व्हीआर सर्वसामान्यांपर्यंत पोचू शकतो, आणि पोचतोही आहे, पण वस्तू म्हणून कमी आणि पाळी म्हणून जास्त. चष्म्याइतका हलका, डोळ्यावर ठेवताच दिसणारा, बाउंडरी न विचारणारा डबा येईल तेव्हा घराचा विचार वेगळा होईल. नुसता स्वस्त झाला म्हणून होणार नाही.

पार्लर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: घरासाठी विकत घेतलेल्या गेमचा परवाना पैसे घेऊन खेळवण्याला लागू होत नाही. व्यावसायिक परवाना वेगळा घ्यावा लागतो आणि तो मिनिटांवर किंवा महिन्यावर असतो. तो दरात धरला नाही तर सगळा हिशोब खोटा.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मधला वेळ साडेतीन मिनिटांवर आला होता. पाळी साडेतेरा मिनिटांची, दोन हेडसेटवर तासाला जवळपास नऊ. तासाला सव्वासातशेचे 890 झाले, मुलाची 47 मिनिटं 31 वर आली. तिसरा हेडसेट घ्यायचा विचार होता, तो सोडला. त्याऐवजी संध्याकाळी चार ते नऊ दुसरा मुलगा ठेवला. नवरात्रीत रात्री नऊनंतर गाळा रिकामा असायचा, सगळी तरुण मंडळी गरब्याला. त्या रात्रींतून वाढदिवस आणि सोसायटीच्या कार्यक्रमांची बुकिंग सुरू झाली: दोन हेडसेट, राउटर, बाकाचा कंट्रोलर आणि घालून देणारा मुलगा, तीन तासांसाठी. हेडसेट नुसता भाड्यानं मागणाऱ्यांना नाही म्हणतात. फोनवर बुकिंग घेताना पहिला प्रश्न असतो खोलीतला पंखा किती उंच आहे, दुसरा आरसा कुठे आहे, आणि आजी-आजोबा असतील तर हात असलेली एक खुर्ची काढून ठेवा.